नांगराची निशाणी

काळात मागं जायला यंत्रबिंत्र काही लागत नाही. समोरच्या वस्तू एकेक करून काढून घेत जायच्या, जप्तीला आलेल्या माणसासारखं.

नगर जिल्ह्यातल्या कर्जतच्या एसटी स्टँडवर उभे राहा आणि सुरुवात करा. आधी मोबाइलचे मनोरे काढा. मग फ्रीज, टीव्ही, सोफासेट हप्त्यांवर देणाऱ्या दुकानांच्या पाट्या. दक्षिणेला भीमेकडं चला आणि उजनीचा फुगवटा ओसरू द्या. 1980 च्या आधी ते पाणी तिथं नव्हतं. कुकडीचा कालवा बुजवा, त्याच्याबरोबर ऊसही जाईल. 1972 च्या दुष्काळात खडी फोडत बसलेल्या बायामाणसांना घरी पाठवा आणि त्यांच्या हातचे पाझर तलाव मोडून टाका. दौंड-मनमाड रेल्वेचे रूळ उचला, ते 1878 चे. राशीनची देवी राहू दे, सिद्धटेकचा गणपती राहू दे, गोदड महाराजांचं देऊळ राहू दे. त्यांना कुणी हात लावत नाही. आता उरलं ते मुरमाड, हलकं रान, ज्वारीची धसकटं आणि लांबवर चार बाभळी. आलात. 1874 साल आहे, माघ सरत आलाय.

तुमच्याकडूनही थोडं काढून घ्यायला हवं. पायातले बूट काढा, खिशातलं पाकीट काढा, खिसाही काढा. शेवटी अक्षरओळख. हे सगळ्यात अवघड आहे, पण त्याशिवाय पुढची गोष्ट कळणार नाही. समोर कागद धरला तर त्यावर काळ्या मुंग्या चालल्यासारख्या दिसतील. तुम्ही कुणबी आहात, कर्जत तालुक्यातल्या एका गावात तुमचं दोन खणांचं माळवद आहे, आणि सकाळी सकाळी दारात येसकर उभा आहे.

"आवं, घरात हायसा का? सरकारी माणूस आलाय."

त्याच्या मागं बेलीफ. डोक्याला पागोटं, काखेत कागदांचं बाड, चेहऱ्यावर लांबून चालत आल्याचा वैताग. त्याच्या मागं सावकाराचा मुनीम. मुनीम तुमच्याकडं बघत नाही, माळवदाच्या तुळयांकडं बघतो.

"नाव सांगा. बापाचं नाव सांगा. हुकूमनामा आहे. दीडशे रुपये, वर खर्च."

"हुकूमनामा? कवा झाला?"

"तारखेला हजर नव्हता तुम्ही. एकतर्फी झाला."

तारीख होती हे तुम्हाला कळलं होतं की नाही, याची आठवण आता उपयोगाची नाही. महिन्यामागं कुणीतरी एक कागद देऊन गेलं होतं, तो तुम्ही देव्हाऱ्यामागं खोचून ठेवलाय. अजून तिथंच आहे. कोर्टात जाऊन तरी काय सांगणार होता? कर्जाचं खत तुमचं आहे, निशाणी तुमची आहे, साक्षीदार तुमच्याच भावकीतले आहेत. त्या काळात असे हुकूमनामे बहुतेक एकतर्फीच होत, कारण हजर राहणं म्हणजे दोन दिवसांची चाल, एक दिवसाचा खाडा, वकिलाचे पैसे, आणि शेवटी तोच आकडा.

हे दीडशे आले कुठून, ते बेलीफ आत येईपर्यंत सांगून टाकतो. समजा, बापानं पन्नास रुपयांचं खत लिहून दिलं होतं. सावकारानं मनोती, म्हणजे कर्ज देतानाची कपात, आधीच कापून घेतली, म्हणजे हातात पन्नास आलेच नाहीत. व्याज महिन्याला शेकडा दोन. इंग्रज सरकारनं 1859 साली मुदतीचा कायदा केला होता. साध्या खतावर तीन वर्षांच्या आत दावा लावायचा, नाहीतर खत बुडालं. हेतू असा की, सावकारानं जुनी खतं पिढ्यानपिढ्या उकरून काढू नयेत. झालं उलटंच. तिसरं वर्ष संपत आलं की सावकार बोलावून घ्यायचा आणि मुद्दल अधिक व्याज मिळून नवं खत करायचा. पन्नासाचे तीन वर्षांत शहाऐंशी, त्या शहाऐंशीला मुद्दल धरून पुढच्या तीन वर्षांत एकशे अठ्ठेचाळीस. मधल्या काळात तुम्ही दिलेली ज्वारीची पोती? ती वहीत कुठंतरी असतील. वही सावकाराची आहे.

सावकाराला राक्षस करून टाकलं की गोष्ट सोपी होते, पण ती खरी राहत नाही. सारा रोख भरायचा, तोही ठरल्या हप्त्याला, पीक आलं असो वा नसो. त्या दिवशी तुमच्या हातात रुपया ठेवणारा गावात तोच एक. अमेरिकेतल्या यादवीमुळं 1861 पासून चार-पाच वर्षं इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला, तेव्हा सगळ्यांनीच उधारीवर हात मोकळा सोडला. 1865 नंतर भाव उतरले, उधारी राहिली. पूर्वी गावानं डोळे वटारले की सावकार वसुली आवरती घ्यायचा, कारण राहायचं त्याच गावात होतं. आता त्याला गावाची गरज उरली नाही. त्याच्या मागं कोर्ट आहे. वर त्याच्यावरही मोठ्या पेढीची बाकी असते, ती पेढीही थांबत नाही.

आता आत चला. बेलीफ यादी करतोय.

तुमच्या घरात फर्निचर म्हणावं अशी वस्तू एकच, बाज. काथ्या सैल झालाय, मधे खोळ पडलीय, तिच्यावर म्हातारी बसलीय आणि उठत नाही. बेलीफ बाज लिहून घेतो, म्हातारीसकट उचलत नाही एवढंच. मग तांब्याचा हंडा एक, घागर एक, पितळ्या तीन, तवा, काठवट. कणगी, तीत हात घालून तो अंदाज घेतो, दोन-अडीच मण ज्वारी असेल. त्यातली थोडी बियाणाची आहे, ती वेगळ्या फडक्यात बांधलेली आहे. फडकंही लिहून होतं. घोंगड्या दोन, वाकळ एक. उतरंड तो सोडतो. मातीच्या मडक्यांना बोली लागत नाही. जात्यापाशी तो थांबतो आणि लेखणी टेकवतो.

"आवं, जात्याचं काय लिव्हून घेत्यात?" तुमची कारभारीण पदर तोंडाशी धरून तुम्हालाच विचारते, परक्या माणसाशी ती थेट बोलणार नाही. "दगूड हाय त्यो."

"दगड असला तरी माल आहे," बेलीफ कागदावरून मान न उचलता म्हणतो.

त्याचं चुकत नाही. 1859 चा दिवाणी कामकाजाचा कायदा त्याच्या बाजूनं आहे. ऋणकोची जमीन, घर, माल, पैसा, जे जे म्हणून त्याचं असेल ते सगळं जप्तीस पात्र, असा त्या कायद्याचा रोख. त्यातून काय वगळायचं याची कुणब्याच्या उपयोगाची यादी त्यात नाही. नांगर, कुळव, पाभर सुटत नाहीत, बैल सुटत नाहीत. मोट आणि नाडा सुटत नाही, विहीर आटली असली तरी. शिवाय मुनिमाच्या हातात आणखी एक धाक आहे, दिवाणी कैदेचा. तुम्हाला तुरुंगात घालायचं तर तुमच्या पोटाचा भत्ता सावकारालाच भरावा लागतो, म्हणून तो सहसा घालत नाही. नुसतं बोलतो.

या गडबडीत एक तांब्या परसाच्या भिंतीवरून शेजारी गेलेला आहे. कुणी दिला, कुणी घेतला, तुम्ही पाहिलेलं नाही. बेलिफानं पाहिलंय, तो पाठ वळवून दारातल्या गाडीची मापं घेत बसतो. पंच म्हणून उभ्या असलेल्या दोघांनाही एकदम आभाळात काहीतरी दिसायला लागतं. देव्हाऱ्यातले चांदीचे टाक मुनीम हेरतो, पण त्यांच्याबद्दल चकार शब्द काढत नाही. गावात अजून राहायचंय त्याला.

लिलाव चावडीपुढं होतो. तुम्ही लांब लिंबाखाली उभे राहा. जवळ जाऊ नका, आपल्या वस्तूची बोली कानावर पडू नये. तशी ती फार वेळ चालतही नाही. मुनीम एक आकडा बोलतो, त्यावर दुसरा आकडा येत नाही. गावातल्या ज्याला बैलांची पारख आहे, त्या प्रत्येकाचं खातं त्याच दुकानात आहे. तुमची गाडी घेऊन उद्या स्वतःच्या दारात बेलीफ कोण बोलावून घेईल? गाडी, बैलजोडी, भांडी, सगळं मिळून हुकूमनाम्याची निम्मी रक्कमही फिटत नाही. बाकी उभीच राहते.

इथवरचं दुःख ओळखीचं आहे. वस्तू गेल्या, घर ओकं झालं, रात्री म्हातारी भुईवर निजली. खरी गंमत तिसऱ्या दिवशी आहे. मुनीम येतो तो बैल घेऊनच.

"शेठ म्हणाले, पेरणी-पाळी कशी करशील बाबा? तुझे बैल तुझ्याकडंच असू दे. भाडं देत जा म्हणजे झालं."

दुकानात जाऊन बसा. गादीवर शेठ, समोर कारकून, मधे स्टँपाचा कागद. कारकून लिहून झाल्यावर भराभरा वाचून दाखवतो. तुम्हाला कळतं ते एवढंच की बैल परत मिळणार. कागदात काय आहे ते मी सांगतो. गाडी आणि बैल मी तुम्हाला विकले आहेत. तेच मी तुमच्याकडून भाड्यानं घेतले आहेत. दरमहा भाडं देईन आणि तुमच्या हातची पावती घेईन. पावती नसेल तर भाडं दिलं असं म्हणणार नाही.

असल्या कागदाचा एक नमुना पुढं सरकारी चौकशी आयोगाच्या कागदपत्रांत आला, म्हणून तो आज वाचायला मिळतो. त्यात गाड्या दोन आहेत, लोखंडी आखाच्या, बैल चार आहेत आणि भाडं महिना चार रुपये. पावतीची अटही त्यात आहे, आणि मला विचाराल तर सगळ्यात धारदार कलम तेच. पावती लिहायची सावकारानं, तीही त्याच्या मर्जीनं, आणि ती नसली तर बोलायचं नाही हे आधीच कबूल करायचं कुणब्यानं.

खाली निशाणी. ज्याला लिहिता येत नाही तो आपल्या धंद्याचं चिन्ह काढतो, आणि कुणब्याचं चिन्ह नांगर. कारकून तुमच्या हातात टाक देतो. तुम्ही एक आडवी रेघ ओढता, एक तिरपी, वर रुमणं. सुरेख जमतो. ज्यावर आपला आता हक्क राहिला नाही त्याचं चित्र काढून तुम्ही तो सोडल्याचं लिहून दिलेलं असतं.

बैल घेऊन घरी या. तेच बैल, तोच गोठा, तीच दावण. पोरगं धावत येऊन वशिंडाला मिठी मारतं. शेजारी म्हणतात, सुटला बिचारा. जप्तीत वस्तू घराबाहेर जाते आणि चार लोकांना दिसते, लोक हळहळतात. भाडेचिठ्ठीत ती घरातच राहते, फक्त तुमची राहत नाही. पुन्हा भाडं थकलं तर बेलीफ लागणार नाही, हुकूमनामा लागणार नाही. स्वतःचा बैल सोडून न्यायला कोर्ट कशाला?

पाऊस येतो, जातो. 1874 संपता संपता घोडनदीपलीकडून एक बातमी येते. ती आणतो गाडीवान, बैलांना पाणी पाजता पाजता. शिरूर तालुक्यात करडे नावाचं गाव आहे. तिथल्या बाबासाहेब देशमुखांवर काळूराम नावाच्या सावकारानं दीडशे रुपयांचा हुकूमनामा मिळवला. दीडशेच, तुमच्याएवढेच. पण हे घरंदाज, सोयरेधायरे मोठे. सावकारानं वाडा घेतला तो घेतला, वर पाडायला काढला.

"देशमुख म्हनलं म्हनं, भाडं देतो, ऱ्हाऊ द्या घरात. न्हाई म्हनला. तुळया काढल्या."

हे ऐकताना तुमची नजर आपोआप माळवदाकडं जाते. माळवद पाडायचं म्हणजे काय, ते तुम्हाला माहीत आहे. आधी वरची पांढरी माती खोऱ्यानं ओढायची, मग काटक्यांचा थर, मग सर, मग तुळया. माती कुणाला नको असते, लाकडाला पैसे येतात. घराची जप्ती म्हणजे लाकडाची जप्ती. पंधरा-वीस दिवसांत तिथं मातीचा उंचवटा राहतो आणि पहिल्या पावसात तोही बसतो.

गाडीवानाच्या पुढच्या बोलण्यानं मात्र पारावरचे सगळे सरकून जवळ येतात. करड्यात न्हाव्यानं सावकाराची हजामत बंद केली. पाणक्यानं पाणी बंद केलं. शेतावर कुणी जाईना, दुकानात कुणी चढेना. शेवटी सावकार मंडळी पोलीस सोबत घेऊन शिरूरला हलली. गाडीवान हे सांगून निघून जातो. तुम्ही मात्र त्या रात्री पहिल्यांदा हिशेब करता की, गावात निशाणीवाले किती आणि गादीवाले किती.

12 मे 1875. सुपे गाव, तेव्हाचा भीमथडी तालुका. मोठी पेठ, सावकारांची दुकानं ओळीनं. आजूबाजूच्या गावचे लोक जमतात आणि दुकानांत शिरतात. धान्य लुटलं जातं, काही ठिकाणी आगीही लागतात. पण मागणी एकच आहे आणि ती पुढच्या प्रत्येक गावात तीच राहते: खतं बाहेर काढा. ज्यानं कागद मुकाट दिले त्याच्या अंगाला सहसा कुणी हात लावला नाही. ज्यानं दिले नाहीत, त्याला मार बसला. रोष मुख्यतः बाहेरून आलेल्या मारवाडी आणि गुजर सावकारांवर निघाला. सावकारी करणारे गावचे ब्राह्मण बऱ्याच ठिकाणी वाचले, याचं कारण त्यांचं व्याज कमी होतं असं मला वाटत नाही.

दोन आठवड्यांत हे लोण नगर जिल्ह्यात येतं. सरकारी नोंदीत पारनेरची 6 गावं आहेत, श्रीगोंद्याची 11, नगर तालुक्यातली 4 आणि कर्जतचं 1. ते एक गाव तुमचं होतं की नाही, हे मी ठरवत नाही. फौजदार विचारायला येतो तेव्हा सगळेच "न्हाई" म्हणतात. पण तुमचंच होतं असं धरून चला, दुकानापर्यंत या.

वैशाखातली संध्याकाळ आहे, पण उकाडा उतरलेला नाही. शेठ घरात नाहीत, मुनीम कोपऱ्यात अंग चोरून उभा आहे. त्याला कुणी काही करत नाही. त्यानंच फडताळ उघडून दिलंय. कागदांचे गठ्ठे ओसरीवर येऊन पडतात. तुम्ही आपलं खत शोधायला गुडघे टेकून बसता. एक उचलता, खाली नांगर. दुसरं उचलता, खाली नांगर. तिसऱ्यावर जरा वाकडा, पण नांगरच. शेजारी तुमचा चुलतभाऊ तेच करतोय. वर काय लिहिलंय ते दोघांनाही वाचता येत नाही. आपला नांगर कोणता आणि दुसऱ्याचा कोणता, हे ओळखता येत नाही. गठ्ठ्यात कुणाचं खत खरं असेल, कुणाचं फिटलेलं असेल, कुणी मागच्याच महिन्यात हौसेनं बैल घेण्यासाठी काढलेलं असेल. निवडायचं कसं?

म्हणून सगळेच जळतात.

आग बघताना एक गोष्ट तुमच्या लक्षात येत नाही, येण्यासारखीही नाही. खत जळलं, भाडेचिठ्ठी जळली. हुकूमनामा कोर्टाच्या दप्तरात आहे. तिथं नुसता तुमचा नांगर नाही, तुमचं नाव आहे, बापाच्या नावासकट.

पुढचं भराभरा होतं. पोलीस येतात, मग पलटण. गावागावांत चौक्या बसतात. नगर जिल्ह्यात 392 जण धरले जातात, त्यांतल्या 200 जणांना शिक्षा होते. पुणे जिल्ह्यात 559 धरले, 301 शिक्षेला गेले. सरकार 1857 विसरलेलं नसतं, म्हणून नुसत्या शिक्षेवर भागत नाही. चौकशीसाठी आयोग नेमला जातो. साहेब तंबू ठोकून बसतात, सावकारांना विचारतात, रयतेला विचारतात, धान्याचे भाव, व्याजाचे दर, साऱ्याचे आकडे गोळा करतात. तुम्हीही पुढं जाऊन उभे राहता आणि बोलता, कारकून लिहून घेतो. काय लिहिलं ते वाचता येत नाहीच. अहवाल निघाला, 1878 साली ब्रिटिश पार्लमेंटपुढं गेला. सारा जड होता म्हणून हे झालं असं त्यात म्हटलेलं नाही. दोष सावकारावर आणि कायद्यावर ठेवला. सरकारनंच नेमलेला आयोग सरकारच्या साऱ्याला कशाला बोल लावील?

तो अहवाल लंडनला पोचेपर्यंत इकडं 1876 चा पाऊस गेलेला होता. त्या दुष्काळाबद्दल इथं लिहीत नाही. एवढंच की, जप्त करण्यासारखं फारसं उरलं नाही.

आता पुढं सरका, पण हळू, कारण कायद्याचं शहाणपण एकेक वस्तूनं येतं. 1877 च्या दिवाणी संहितेनं पहिल्यांदा नीट यादी केली: ऋणकोचे, त्याच्या बायकोमुलांचे गरजेचे कपडे सोडा, कारागिराची हत्यारं सोडा, शेतकऱ्याची अवजारं आणि पोटापुरती जनावरं सोडा. त्याच यादीत आणखी एक कलम आहे, शेतकरी राहत असलेल्या त्याच्या घराचं सामान, म्हणजे लाकूडफाटा, जप्त करायचा नाही. ते वाचताना मला हटकून करडे आठवतं.

मग 1879 चा सतरावा कायदा, दख्खनच्या शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा, पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांपुरता, 1 नोव्हेंबरपासून लागू. कर्जापायी शेतकऱ्याला कैद बंद. खास गहाण टाकलेली नसेल तर त्याची जमीन जप्तीत विकायची नाही. दस्त गावच्या निबंधकासमोर लिहायचा, सावकाराच्या गादीवर नाही. आणि न्यायाधीशानं नुसता शेवटचा कागद बघायचा नाही. पहिल्या पन्नास रुपयांपर्यंत मागं जाऊन सगळा हिशेब उलगडायचा. पुढं दुरुस्ती होऊन असंही आलं की, कागदावर विक्री लिहिलेली असली तरी मुळात ते गहाण होतं का, हे कोर्टानं तपासावं. कागदामागं बघायची मुभा न्यायाधीशाला मिळाली ती अशी, आणि तीही फक्त शेतकऱ्यापुरती.

आज लागू असलेल्या 1908 च्या दिवाणी प्रक्रिया संहितेचं साठावं कलम उघडलंत तर यादी आणखी लांबलेली दिसेल. कपडे आहेत, स्वयंपाकाची भांडी आहेत, अंथरूण-पांघरूण आणि पलंगही आहे. बियाणं आहे, म्हणजे ते वेगळ्या फडक्यात बांधलेलं सुटलं. बाईच्या अंगावरचा जो दागिना धर्माच्या रीतीनं उतरवता येत नाही तो आहे, म्हणून मंगळसूत्राला बेलीफ हात लावत नाही. बासष्टावं कलम म्हणतं, सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी घरात शिरायचं नाही. म्हातारीची बाज उचलायला आता कोर्टाचा माणूस येणार नाही.

चला, आता आणखी पुढं. रूळ टाका, तलाव बांधा, कालवा सोडा, फुगवटा भरू द्या, पाट्या लावा. अक्षरओळख परत घ्या. तुम्ही कर्जतमध्येच आहात, भाड्याच्या दोन खोल्यांत. घर मालकाचं आहे, पण आतलं सगळं तुमचं, असं तुम्ही म्हणता. फ्रीज, टीव्ही, सोफा, लोखंडी कपाट. नोकरी लागली, लग्न झालं, संसार मांडायचा होता. दुकानात आधारकार्ड दिलं, एक-दोन ओटीपी सांगितले, मोबाइलच्या पडद्यावर बोटानं सही केली. बोटानं सही सरळ येत नाही, नांगरच बरा यायचा. करार चोवीस पानांचा होता. तुम्हाला वाचता येत होतं.

तीन हप्ते थकलेत. संध्याकाळचे साडेसात वाजलेत आणि दारात एक पोरगा उभा आहे, पाठीला सॅक, हातात मोबाइल. तालुक्यातलाच दिसतो.

"दादा, गाडी खाली थांबलीय. फ्रीज आणि टीव्ही न्यायला सांगितलंय. माझ्यावर वरून प्रेशर आहे."

घरमालकीण जिन्यावरून वाकून बघतेय. तुम्हाला साठावं कलम आठवतं, आणि ते इथं उपयोगाचं नाही हेही. ते कोर्टाच्या जप्तीसाठी आहे. इथं कोर्ट नाही, बेलीफ नाही, हुकूमनामाही नाही. इथं करार आहे. तो तारणाचा असेल तर फ्रीज तुमचा पण बांधलेला. भाडेखरेदीचा असेल तर शेवटचा हप्ता फिटेपर्यंत तो तुमचा नव्हताच, तुम्ही भाड्यानं वापरत होता. 1874 सालच्या गोठ्यातल्या बैलांसारखा.

आपल्या संसदेनं 1972 मध्ये भाडेखरेदीचा कायदा केला होता. किमतीचा ठरावीक हिस्सा भरून झाला असेल तर मालकाला कोर्टात गेल्याशिवाय वस्तू परत नेता येणार नाही, असं त्यात स्पष्ट होतं. तो कायदा एक दिवसही अमलात आला नाही. 2005 मध्ये तो रद्द करण्यात आला.

जे आहे ते असं. वसुलीसाठी गुंडगिरी चालणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं 2007 मध्ये सुनावलेलं आहे. रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट 2022 च्या परिपत्रकाप्रमाणं वसुलीचा फोन सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर करायचा नाही. फायनान्स कंपन्यांसाठीच्या तिच्या आचारसंहितेत लिहिलंय की, वस्तू ताब्यात घेण्याचं कलम करारातच हवं. आधी नोटीस किती दिवसांची, ताबा कसा घ्यायचा, विकण्यापूर्वी पैसे भरायची शेवटची संधी कशी द्यायची, वस्तू परत कशी करायची, हे सगळं त्यात हवं. आणि कराराची प्रत कर्जदाराला द्यायला हवी.

"नोटीस कधी पाठवली होती?" तुम्ही विचारता.

"ते मला माहीत नाही दादा. ऑफिसला विचारा."

"अधिकारपत्र आहे?"

तो मोबाइल उघडून काहीतरी दाखवतो. तुम्ही फोन हातात घेऊन वाचायला लागता, पहिल्या ओळीपासून. तो खाली गाडीवाल्याला फोन करायला निघतो, पण फोन तुमच्याच हातात आहे, म्हणून थांबतो. मग म्हणतो, सकाळी साहेबांना घेऊन येतो, नऊ वाजता. दोन हप्ते तरी भरा, तेवढ्यावर थांबवतो मी. रोखीत दिले तरी चालतील.

"पावती?"

"ती नंतर मिळेल."

त्याला रोख देऊ नका.

सकाळी नऊला अजून बराच वेळ आहे. ती चोवीस पानं मेलवर आली असतील, शोधा. नाही सापडली तर आत्ताच कंपनीला लिहून प्रत मागवा, म्हणजे मागितल्याची वेळ तरी नोंदली जाईल.